मनगटाच्या पाठीमागं दुखतंय, एक्सरे नॉर्मल आहे, गोळाफेकीचं काय करू? (सातारा)

भरती_सातारा
मनगट दुखतंय, पाठीमागच्या बाजूला. एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले हाड चांगलं आहे. क्रेप बँडेज बांधलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, फरक शून्य. गोळा मानेपासून ढकलताना अशी कळ येते की बोटं आपोआप सुटतात. पोलीस भरतीचं ग्राउंड (मैदानी चाचणी) तोंडावर आलंय. मलम, पट्टा, व्यायाम, जे काही असेल ते लवकर सांगा. डॉक्टरकडं जाऊन आलोय, तेवढा सल्ला सोडून.

माणदेशी
कुठला हात? पाठीमागं म्हणजे अंगठ्याकडं, मधे, की करंगळीकडं? सूज आहे का? असं मोघम लिहिलं तर कोण काय सांगणार?

अश्विनी_फलटण
अंगठ्याकडून असेल तर डी क्वेर्वेन, म्हणजे अंगठ्याच्या शिरांच्या नळीचं दुखणं. बाळ झाल्यावर मला झालं होतं, बाळाला उचललं की जीव जायचा. घरच्या घरी बघता येतं: अंगठा मुठीत घ्या आणि मनगट करंगळीकडं वाकवा. कळ आली तर तेच. मला अंगठ्याच्या पट्ट्याने आणि एका इंजेक्शनने बरं वाटलं.

वाईचा_सुहास
गाठ आहे का बघ. मनगट पुढं वाकवलं की मागं टम्म उठते आणि अंधारात टॉर्च लावला की आरपार उजेड दिसतो. तो गँगलियन, सांध्यातल्या पाण्याची पिशवी. आमची मावशी त्यावर नाणं घट्ट बांधून ठेवायची, बसली गाठ.

माणदेशी
सुहासभाऊ, गाठ आहे असं तो म्हणालाच नाही. आणि नाण्याने बसली की आपोआप, कसं कळणार? निम्म्याच्या आसपास गाठी काही न करता जातात.

वाईचा_सुहास
मावशीची गेली ती गेली. तुम्ही पाहिली नाही, मी पाहिलीय.

भरती_सातारा
गाठबीठ नाही. उजवा हात, अंगठ्याकडून. मूठ करून वाकवलं तर खूप दुखलं, म्हणजे ताई म्हणतात तेच ना? पट्टा कुठं मिळेल, पोवई नाक्यावर?

ऑर्थो_मिरज
थांब, पट्टा नंतर. मिरजेत ऑर्थोला रेसिडेंट आहे, म्हणून विचारतो: पडला होतास का? हातावर भार देऊन?

कराडकर_८१
रेसिडेंट म्हणजे अजून शिकतोय. माझ्या चुलत्यांचे दोन्ही हात मुंग्यांनी बधिर व्हायचे, बी ट्वेल्व्ह तपासलं तर एकदम कमी. आजकाल सगळ्यांचं कमीच असतं. आधी ते कर.

ऑर्थो_मिरज
काका, मुंग्या येतात असं त्याने कुठंच लिहिलं नाही.

भरती_सातारा
हो, पडलो होतो. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर उतरताना पाय सरकला, हात टेकला. पण ते काही मोठं नव्हतं, उठून राहिलेला राऊंड पूर्ण केला. एक्सरे त्याच दिवशी काढला आणि त्यात काही नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

ऑर्थो_मिरज
यावरच सगळं आहे. अंगठा बाहेर ताण, रस्त्यात लिफ्ट मागताना करतात तसा. मनगटाशी दोन दोऱ्या उठतील. करंगळीच्या बाजूची ती अंगठ्याचं टोक ताठ करणारी, मनगटाच्या पाठीवरच्या हाडाच्या एका उंचवट्याला वळसा घालून येते. दुसरीकडं दोन शिरा लागून चाललेल्या असतात, अश्विनीताईंचं दुखणं त्यांच्या नळीत. मधे जो खळगा पडतो त्याला स्नफबॉक्स म्हणतात. तळाशी स्कॅफॉइड हाड, वरून नाडी जाते, बोट ठेवलं तर ठोका लागतो. आता दुसऱ्या हाताच्या बोटाच्या टोकाने तिथं दाब. आधी चांगल्या हातावर दाबून बघ, कारण दाबलं की थोडं तिथं बऱ्याच जणांना दुखतं.

भरती_सातारा
डावा: काहीच नाही. उजवा: दाबलं तसं डोळ्यात पाणी आलं. अंगठा धरून मनगटाकडं ढकलला तरी तिथंच.

ऑर्थो_मिरज
मग स्कॅफॉइड मोडलंय असं धरून चाल, नाही हे सिद्ध होईपर्यंत. हात टेकून पडल्यावर मनगटातल्या छोट्या हाडांपैकी हेच सर्वांत जास्त मोडतं, आणि तुझ्याच वयाच्या मुलांचं. चीर बारीक असली तर पहिल्या दिवशीच्या एक्सरेत कधी कधी दिसत नाही. म्हणून अंगठ्यासकट प्लास्टर किंवा स्प्लिंट घालून १० ते १४ दिवसांनी स्कॅफॉइडच्या खास अँगलने पुन्हा एक्सरे काढतात. लवकर कळायला हवं असेल तर एमआरआय. या हाडाला रक्त त्याच्या अंगठ्याकडच्या टोकातून मागं येतं, त्यामुळे मधे मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहू शकतो. मग हाड कधी कधी जुळत नाही, कधी मरतं, आणि सांधा झिजतो. मूठ वाकवायची ती टेस्ट परत करू नकोस, मोडलेल्या हाडावर तीही दुखणारच.

अश्विनी_फलटण
पण ती फिंकेलस्टाइनची टेस्ट आहे, माझ्या डॉक्टरांनीच केली होती.

ऑर्थो_मिरज
ताई, मूठ करून वाकवायची ती आयकहॉफची. १९३० मध्ये फिंकेलस्टाइनने लिहिलेली वेगळी: डॉक्टर अंगठा धरून हात झटक्याने करंगळीकडं ओढतो. मूठवाली तर धडधाकट माणसालाही दुखते. तुम्हाला पडायची भानगड नव्हती, बाळ उचलायची सवय होती, म्हणून तुमचं निदान बरोबर होतं.

अश्विनी_फलटण
हे पटलं. त्याला पट्ट्यावर सोडलं असतं तर.

कराडकर_८१
आमच्याकडं हाडवैद्य आहेत, चोळून जागेवर बसवतात. प्लास्टर घातलं की भरती गेली.

माणदेशी
काका, मोडलेल्या हाडाला चोळतात का? माझा भाऊ चोळून आला होता, नंतर बोटं वळेनात.

सज्जनगड_रोड
भावा, गोळा किती किलोचा? मुलांचा ७.२६० ना? आणि गुण १५ की २०?

भरती_सातारा
७.२६०. गोळ्याला १५, १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५. पण आत्ता मला हे सांगा, प्लास्टरला किती दिवस?

ऑर्थो_मिरज
मधल्या भागात मोडलं असेल आणि सरकलं नसेल तर साधारण ८ ते १२ आठवडे. मनगटाकडच्या टोकाला असेल तर जास्त, कधी स्क्रू घालावा लागतो. पुन्हा काढलेला एक्सरे किंवा एमआरआय साफ निघाला तर सुटलास. धावणं पुढं चालू ठेवता येईल का ते डॉक्टर बघून सांगतील, पण तोवर गोळा आणि दंड-बैठका बंद. डॉक्टरांना एवढंच सांग: "हातावर पडलो, स्नफबॉक्सवर दाबलं की दुखतं." मग ते तिकडंच बोट ठेवतील.

भरती_सातारा
उद्या सकाळचा नंबर लावलाय, दुसऱ्या डॉक्टरांकडं. बाबा म्हणतात पहिल्याच डॉक्टरांकडं जा. क्रेप काढून जाऊ की बांधूनच?

माणदेशी
बांधूनच जा. जुना एक्सरे बरोबर ने, नवीन डॉक्टरांनाही तीच फिल्म बघता येईल. गाडी स्वतः चालवू नको, कोणाला तरी मागं बसवून नाही, तूच मागं बस.