रोडस्टरला पत्र्याचा पक्का टप: कुणी बसवलाय का?

जुनाटखोड

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. माझी १९६९ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे एमजीची उघडी, कापडी टपाची दोन सीटर, क्रोम बंपरवाली. मी ती ऋतू बघून काढत नाही, रोजच वापरतो. कापडी हूड शेवटचं कधी खाली केलं होतं ते आता आठवतही नाही. खाली करायला काही लागत नाही हो, पण परत ताणून बटणं लावताना नखं निघायची पाळी येते. पाऊस आला की काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यातून पाणी आत शिरतं आणि नेमकं माझ्या गुडघ्यावर टपकतं. जरा वेग घेतला की हूड फुगतं, मग शेजारी बसलेल्याशी ओरडूनच बोलावं लागतं.

उघड्या गाडीची हौस फिटली. आता हिला कायमचा, पत्र्याचा टप घालायचाय.

एका मोडीत निघालेल्या एमजीबी जीटीचा (हिचीच पत्र्याच्या टपाची बहीण) टप माझ्या शेडमध्ये पडून आहे. खालचा सांगाडा गंजून चाळण झाला होता, पण टप ठणठणीत आहे. पन्हाळी शाबूत, पुढचे खांब काचेच्या मध्यावर कापलेले, मागचा भाग डिकीच्या दाराच्या चौकटीपर्यंत. बेत असा आहे: टप रोडस्टरच्या काचेच्या चौकटीवर टेकवायचा, पुढून वेल्ड, मागे सीटमागच्या डेकवर वेल्ड, उरलेल्या फटी पत्र्याने बुजवायच्या. मिग (तार आपोआप पुढे येणारं वेल्डिंग) मशीन आहे, हात बऱ्यापैकी बसलेला आहे.

विचारायचं एवढंच की यानं गाडीला मजबुती येईल ना? आणि वेल्डिंगच्या तापानं दारं वाकडी होणार नाहीत ना? एक विनंती, ‘त्यापेक्षा जीटीच घ्या’ असं कृपा करून कुणी लिहू नका. गाडी बदलायची नाही, ठरलंय.

हवाबंद

‘जीटीच घ्या’ म्हणत नाही, फायबरचा हार्डटॉप घ्या म्हणतो. एमजीबीला कंपनीच फायबरचा द्यायची, बाहेरच्यांनीही बरेच बनवले. बोल्टवर बसतो, गाडी कापावी लागत नाही, उद्या मन बदललं तर काढून भिंतीला टेकवून ठेवा. गुडघा कोरडा राहील याची हमी मात्र देत नाही, कोपऱ्यातलं रबर नीट बसलं तरच.

पत्रेवाला

जुनाटखोड साहेब, हात बसलाय म्हणता ते मान्य. पण तुमचा टप पुढच्या बाजूला उभा कशावर राहणार?

रोडस्टरची काचेची चौकट ॲल्युमिनियमची आहे. दोन बाजूंचे पाय स्कटलमध्ये, म्हणजे काचेखालच्या, डॅशबोर्डापुढच्या पत्र्यात उतरतात आणि तिथे बोल्टने आवळलेले असतात. मध्ये ती बारीक सळई, जिच्यावर आरसा सरकतो. म्हणजे ती चौकट काच धरायला आणि वारा अडवायला केलेली आहे, टप पेलायला नाही. शिवाय ॲल्युमिनियमला पोलादी पत्रा वेल्ड होतच नाही. मिग घ्या, टिग (हातानं तार भरत करायचं वेल्डिंग) घ्या, वितळून खाली पडेल नाहीतर चिकटल्यासारखं करून हातात येईल. जीटीत ते खांब बॉडीचाच भाग आहेत, पोलादी, खालून स्कटलमध्ये आणि दाराच्या बिजागऱ्यांच्या खांबात मुरलेले. तुमच्या शेडमधल्या टपाचे पाय नेमके कापून टाकलेत आणि तो टप तुम्ही बोल्टवरच्या चौकटीवर ठेवताय.

दुसरं, उंची. जीटीची पुढची काच रोडस्टरपेक्षा उंच आहे. एमजीच्या एबिंग्डनच्या कारखान्यात रोडस्टरच्या बुटक्या काचेवर टप बसवून बघितले होते, गाडी डोक्यात टपली मारल्यासारखी दिसायची. मग गाडी इटलीला पिनिनफरिना या गाड्यांचे आकार घडवणाऱ्या कंपनीकडे गेली, त्यांनी आधी काच उंच केली आणि सगळी रेषा जुळून आली. १९६५ च्या ऑक्टोबरात जीटी बाजारात आली ती अशी. त्यामुळे तो टप तुमच्या चौकटीवर टेकवलात की एक तर पुढून खाली झुकेल, नाहीतर मागे हवेत राहील. दाराच्या काचा आणि तिकोनी काचाही जीटीच्या उंच. म्हणजे वेल्डिंग संपलं तरी दाराच्या वर बोटं जातील एवढी फट उरणार, आणि पाणी पुन्हा गुडघ्यावरच.

आता मजबुतीचं. टपामुळे गाडी पिळ खायची कमी होते हे खरं, पण केव्हा? पुढचे खांब, टपाच्या कडा, मागचे खांब आणि खालचा सांगाडा यांचा एक बंद पिंजरा झाला तर. एक कोपरा बोल्टवर सैल राहिला की पिंजरा उरत नाही, वर नुसतं वजन बसतं. त्यात एमजीबी आधी रोडस्टर म्हणून आखली, टप नंतर आला. टपाचं काम तिच्यात सिलनं, म्हणजे दाराखालच्या पेटीसारख्या बंद पत्र्यानं, करायचं असं धरूनच बनवलीय, म्हणून सिल इतके भरभक्कम. बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा, आतला सिल आणि खाली कॅसल रेल, म्हणजे सिलच्या तळाची पट्टी. हे चार शाबूत असतील तर तुमच्या गाडीला टपावाचून काही अडत नाही. आणि यातलं एक जरी कुजलेलं असेल तर टप घालून झाकलं जाईल, बरं होणार नाही.

ते तपासायला मशीन लागत नाही. गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी करा. दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली बघा. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचलीय. मग एका बाजूला सिलखाली, जॅकच्या जागी, जॅक लावून चाक उचला आणि दार उघडून लावून बघा. आधी लागत होतं आणि आता अडतं, किंवा फट डोळ्यांदेखत बदलते, तर वेल्डिंग मशीन खाली ठेवा आणि सिल उघडा. बाहेरच्या सिलवर नवं पत्र्याचं आवरण चढवून आतली घाण तशीच ठेवलेल्या गाड्या पुष्कळ येतात. वरून चकचकीत, आत स्क्रू-ड्रायव्हर घुसतो.

हे एवढं ताणून सांगतोय कारण टप वेल्ड झाला की गाडी त्या क्षणी ज्या आकारात उभी आहे त्याच आकारात कायमची राहते. खचलेली असेल तर खचलेलीच. नंतर दारं कितीही घासा, जमणार नाही.

जुनाटखोड

काका, ॲल्युमिनियमचं डोक्यातच आलं नव्हतं. चुंबक लावून पाहिलं, चिकटत नाही. मग जीटीच्या स्कटलसकट पुढचे पूर्ण खांब मिळाले, ते बसवले, तर?

पत्रेवाला

तर काम होतं, पण मग ते ‘टप बसवणं’ राहत नाही. पुढून स्कटल आणि खांब आले. मागून बघा: तुमच्याकडे डेक आणि डिकीचं झाकण आहे, जीटीत डिकीचं दार टपातच बिजागरी घालून वर उघडतं. त्या दाराची चौकट, मागच्या पंखांचा (मडगार्डांचा) वरचा भाग, मधल्या काचेखालचा पत्रा, सगळं वेगळं. रोडस्टरचं उरतं काय, तर नाक आणि तळ. तुम्ही बजावलंय म्हणून ते वाक्य लिहीत नाही.

मधला मार्ग असा की डिकी तशीच ठेवायची आणि हार्डटॉपच्या घाटाचा, डेकवर संपणारा टप पत्र्यात घडवायचा. पुढे खांब जीटीचे किंवा नळीतून केलेले पण बिजागरीच्या खांबापर्यंत खाली नेलेले, मागे पाय कुलपाच्या खांबावर. डेकचा पत्रा पातळ आहे, त्याच्यावर थेट टेकवला तर काही दिवसांत वेल्डच्या कडेनं चीर जाते. खालून जाड पट्टी घालून भार चाकाच्या कमानीकडे न्यावा लागतो.

कापण्याआधी आधार द्यायला विसरू नका. दोन्ही दारांच्या जागी, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळी टॅक करायची (ठिपक्यांनी तात्पुरती वेल्ड करायची), एक सरळ आणि एक तिरपी. एक नळी आडवी, डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत. गाडी जॅकस्टँडवर सिलखाली उचलायची नाही, सस्पेन्शनखाली टेकवायची, म्हणजे वजन जिथून रोज येतं तिथूनच येतं. मग दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा, आणि दर टप्प्याला परत मोजा. दार लावलेलं ठेवूनच टॅक मारा. दारं काढून ठेवून जो टप बसवतो तो पुढं आयुष्यभर दारंच बसवत राहतो.

तापाबद्दल विचारलंत. साधारण ०.९ मिलिमीटरचा पत्रा आहे, सलग टाका ओढलात की ताटासारखा उचलेल. इथे एक टाका, मग हातभर लांब दुसरा, मग उलट्या टोकाला तिसरा. हात लावता येईल इतकं गार झाल्याशिवाय शेजारी जायचं नाही. फुंकणीनं वारा मारून गार करायची घाई नको, त्यानंही पत्रा ओढतो. टपाच्या मधल्या भागात सांधा शक्यतो येऊच देऊ नका, खांबात किंवा पन्हाळीत घ्या, जिथं पत्रा दुमडलेला असल्यानं ताठ असतो. सपाट जागी सांधा आणावाच लागला तर टिग बरं. त्याचा सांधा मऊ राहतो, डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं परत सरळ करता येतो. मिगचा टाका कडक, घासत बसावं लागतं, आणि घासताना पुन्हा ताप. वरून लांबी (पुट्टी) थापून झाकण्यात अर्थ नाही, खांबाच्या सांध्यातली लांबी पहिल्या उन्हाळ्यात रेघ दाखवते. तिथे शिसंच भरावं.

मशीन लावण्याआधी बॅटऱ्या बाहेर. तुमच्या सालात सीटमागे तळाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन असतील. आल्टरनेटरच्या वायरी सोडवा. डिकीखालची पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून लांब नेऊन ठेवा, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आणि सीट, गालिचे काढा म्हणून सांगायला नको.

पाना_तेरा

माझी ट्रायम्फ स्पिटफायर आहे, तीही उघडी दोन सीटर, तिचा हार्डटॉप कंपनीनंच पोलादी पत्र्यात काढलेला. एमजीबीवाल्यांना याचं नवल वाटतं. तो वेल्ड केलेला नाही, बोल्टवर आहे, मध्ये रबर. एकट्यानं उचलायच्या भानगडीत पडू नका, उचलता येतो पण ठेवताना मागच्या पंखावर ओरखडा ठरलेला.

अनुभव सांगतो. थंडीत आतल्या बाजूनं पत्र्याला दव धरतं आणि मानेवर थेंब पडतो, त्यामुळे अस्तर हवंच. उन्हात तवा होतो. आणि एका ठराविक वेगाला टप ढोलासारखा घुमायला लागतो. आतून घुमणं मारायची जाड चिकटपट्टी लावली, एक आडवी कमान घातली, तेव्हा कुठं रेडिओ ऐकू यायला लागला. रबरामागे पाणी साचतं, गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून दरवर्षी बोल्ट सोडून खाली बघतो. वेल्ड केला असता तर बघता आलं नसतं.

ट्रायम्फनं ‘टपवाली स्पिटफायर’ करून बघितलीच होती. इटालियन डिझायनर मिकेलोट्टीनं फास्टबॅक (मागे उतरत जाणाऱ्या) टपाचा नमुना केला, पण ११४७ सीसीचं इंजिन त्या वजनाला पुरेना. शेवटी सहा सिलिंडरचं दोन लिटर इंजिन टाकून १९६६ ला जीटी६ काढली. ल मॉन्सच्या शर्यतीतल्या स्पिटफायरवर तोच घाट फायबरमध्ये होता, वजन वाचवायला.

हवाबंद

वजनाचा साधा हिशोब: ०.९ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला सात किलो भरतो. दीड चौरस मीटर धरला तरी दहा-अकरा किलो नुसता पत्रा, वर खांब, काच, अस्तर. आणि सगळं गाडीच्या डोक्यावर. वळणाला जाणवणार. कंपनीनं जीटीला मागचे पाटे (स्प्रिंगा) उगीच कडक दिले नव्हते.

जुनाटखोड

आज सकाळी जॅक लावला. डाव्या बाजूला काही नाही, दार खटकन लागतं. उजवीकडे जॅक चढवला तशी वरची फट मिटत गेली आणि कुलूप अडलं. सिलच्या खालच्या कडेला पोकरलं तर रंगाखाली लांबी निघाली, चांगली जाड. म्हणजे गुडघ्यावरचं पाणी कुठं जात होतं तेही कळलं.

टपाचं तूर्त बाजूला. उजवा सिल उघडतो. काका, कॅसल रेल बदलायची तर आतला सिल त्याच वेळी काढू की एक-एक करून?

पत्रेवाला

एक-एक करून, आणि दाराच्या जागी तिरपी नळी लागल्याशिवाय ग्राइंडरला हात नाही. बाहेरचा सिल काढा, मधला उभा पत्रा कुठवर गेलाय त्याचा फोटो टाका, मग आतल्याचं ठरवू. पुढच्या पंखाची खालची टोकं सिलवर चढलेली असतात, पंख पूर्ण काढायचा नसेल तर निदान तेवढं टोक कापावं लागेल. फोटो उजेडात काढा, फ्लॅशमध्ये गंज आणि प्रायमर सारखेच दिसतात.

शेडमधला टप भंगारात देऊ नका. त्याच्या पन्हाळ्या शाबूत आहेत म्हणता ना, जीटीवाले शोधत असतात.