वस्तऱ्याच्या पात्यावर काळे ठिपके येतायत, मदत हवी आहे

मंडळी, चार महिने झाले मी वस्तऱ्याने दाढी करतोय, ब्लेड बदलायचा शॅवेट नाही, अख्खं पातं असलेला, कार्बन स्टीलचा. हात आता बऱ्यापैकी बसलाय, साधारण तीस डिग्रीचा अँगल धरतो, कापत वगैरे नाही (हनुवटी सोडून, तिथे अजून देवाचं नाव घेतो). पण काल उजेडात धरून बघितलं तर धारेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर बारीक काळे ठिपके, मोहरीहूनही लहान, आणि नखाला खरखरीत लागतायत. मुठीत जिथे खिळा आहे तिथे पण तांबूस दिसतंय.

मी करतो काय तर दाढी करताना फेस नळाखाली धुतो, शेवटी टॉवेलने पुसतो आणि लगेच मिटून बाथरूममध्येच ठेवतो. आता वाटतंय इथेच माती खाल्ली, आत पाणी राहत असणार.

तर दाढी चालू असताना फेस कसा काढता, दर वेळी धुता की ओल्या कपड्यावर पाठीकडून धारेकडे पुसता? शिलाई मशीनचं तेल चालेल ना, खायचं तेल लावलं तर चिकट होतं हे करून बघितलंय. चामडी पट्ट्यावर दाढीआधीच फिरवतो, पाठ पुढे धार मागे, नंतरही फिरवायचं का सुकवायला? आणि हे ठिपके मेटल पॉलिशने जातील की धारेपर्यंत पोचले तर दगडावरच घासावं लागेल? फोटो कमेंटमध्ये टाकतो.