जुन्या बंगल्याला वाढीव खोल्या: कौलं की सपाट स्लॅब?

फोंडेकर: वडिलांनी १९६७ साली बांधलेला बंगला. सपाट स्लॅब, लांब छज्जे, सिमेंटची जाळी. मागे दोन खोल्या वाढवायच्या आहेत. आर्किटेक्ट म्हणतो, त्यांना कौलं आणि बलकांव (दारापुढचा बसायचा सोपा) देऊ, घर 'अस्सल गोव्याचं' दिसेल. मत सांगा.

चिरेबंदी: मागच्या दारी बलकांव? बसून बघणार काय, शेजाऱ्याची न्हाणी? गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही, त्या जनमत कौलाच्या वर्षी उभं राहिलेलं घर अस्सल नाही आणि दिल्लीवाल्यांना व्हिला विकणाऱ्यांच्या जाहिरातीतली कौलं अस्सल! मुक्तीनंतर आपल्या माणसांनी हौसेने बांधलेली ही घरं, त्यांना वेषांतर कशाला? नव्या खोल्यांचा स्लॅब जुन्या छज्जाच्या खाली ठेवा, मधे चिंचोळी काचेची वाट. आणि दोन्ही स्लॅब एकमेकांत अडकवू नका. जुना पाया बसून झालाय, नवा अजून बसायचाय. अडकवलंत की तडा ठरलेला. मधे जॉइंट सोडाच.

माडीवरची: जॉइंट सोडा म्हणे! इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्याकडे असाच शास्त्रशुद्ध जॉइंट आहे. चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बादली ठेवून आरती करतो आम्ही. सपाट छपराचं कौतुक कॅलिफोर्नियात करा.

सत्तरीचा: ताईंशी सहमत. पणजीच्या कला अकादमीचं काय झालं? आर्किटेक्ट चार्ल्स कुरैयांचं काम, तरी २०२३च्या जुलैत खुल्या रंगमंचावरचा स्लॅब खाली.

चिरेबंदी: नूतनीकरण चालू असताना पडला तो! चाळीसेक वर्षं उभ्या असलेल्या इमारतीचा दोष काढायला काय जातं?

माडीवरची: दादा, बादली तुम्ही उपसता का? आम्ही शेवटी वर पत्र्याची शेड घातली. सुटलो. कपडेही वाळतात.

चिरेबंदी: म्हणूनच म्हापशापासून काणकोणपर्यंत सगळी घरं गोदामासारखी दिसतात!

निवृत्त ओव्हरसियर: भांडा, पण ऐका. गळतं ते बहुतेक वेळा सपाटपणामुळे नाही. उतार कमी असतो, नाहीतर पाइपाच्या तोंडाशी पानं अडकतात. मग लोक कोब्यावर कोबा चढवतात, स्लॅबवर नुसतं वजन वाढतं. जॉइंटला दोन्ही बाजूंनी उंच कट्टा आणि वर टोपी द्या, पाणी आत यायचं नाही. फोंडेकर बाब, त्याआधी छज्जाच्या खालून बघा. गिलावा फुगून गंजक्या सळ्या दिसत असतील तर आधी त्याची दुरुस्ती, मग नव्या खोल्या. आणि माडी चढवायचा विचार असेल तर चिऱ्याच्या भिंतींवर इंजिनियरला दाखवल्याशिवाय नको.

फोंडेकर: छज्जा फुगलाय खरा. भाऊ म्हणतो त्याचा हिस्सा वेगळा, दुरुस्तीला पैसे देणार नाही.

सत्तरीचा: मग जॉइंट कुठे सोडायचा ते भावालाच विचारा!

माडीवरची: कट्टा-टोपी आमच्या कंत्राटदाराला कुणी सांगितलीच नाही. ओव्हरसियर काकांचं एवढं मानते. पत्रे मात्र काढणार नाही.

चिरेबंदी: नका काढू. निदान निळे तरी नसावेत.

माडीवरची: निळेच आहेत.