मेक चेकमध्ये दर वेळी वेगळीच टेस्ट फेल

भुसावळकर: जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, लिनक्स. पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) सोर्समधून कंपाइल केलं, मेक (बांधणीची कमांड) निर्विघ्न झालं. मेक चेकमध्ये (बांधलेलं नीट चालतं का हे तपासणाऱ्या टेस्ट) मात्र दर वेळी वेगळ्याच टेस्ट पडतात. कूलरसमोर ठेवूनही मशीन तव्यासारखं तापतंय. तसंच इन्स्टॉल करू का?

जळगाववाला: थांब भो! आधी एसआरसी/टेस्ट/रिग्रेसमधली रिग्रेशन.डिफ्स (अपेक्षित अन् प्रत्यक्ष निकालातला फरक दाखवणारी फाइल) उघड. टेस्ट बदलत असतील तर मी कोडवर शेवटी संशय घेतो. समांतर टेस्टमध्ये एकदम २० क्लायंट (टेस्ट चालवणारे प्रोग्राम) सुटतात, प्रत्येकामागे सर्व्हरची एक प्रोसेस, म्हणजे ४०. तुझ्या मशीनला ते झेपत नसावं. 'मेक मॅक्स_कनेक्शन्स=५ चेक' चालव, म्हणजे एका वेळी पाचच सुटतील.

धुळेकर: डिफमध्ये ओळींचा नुसता क्रम बदललाय का? मग लोकेल (भाषा अन् क्रमवारीची सेटिंग); नो_लोकेल=१ दे. अन् रूटने (अ‍ॅडमिन खात्याने) चालवू नको, सर्व्हर उठणारच नाही.

भुसावळकर: दादा, डिफमध्ये नवी प्रोसेस सुरू होत नसल्याचंच रडगाणं होतं. ५ वर सगळ्या पास! भरीत-भाकरी होईस्तोवर चाललं, पण चाललं. आता सोर्सचा फोल्डर उडवू?

जळगाववाला: इन्स्टॉल झाल्यावर उडव. फक्त मेक अनइन्स्टॉल करायचं झालं तर तोच लागतो.