लाइटच्या वायरीचे किस्से: तुमच्या घरात एकची की दीडची?

पेठेतला_जुना
काल माळ्यावरची लाकडी पट्टी उचकटली. शिवाजी पेठेतलं घर, वायरिंग आजोबांच्या काळातलं. वायर हातात घेतली तर वरचं रबर शिळ्या भाकरीसारखं तुटून पडलं, आत तांब्याची एकच काडी. १/१८ म्हणायचे तिला, म्हणजे एक काडी, १८ गेजची. तो वास आला आणि एकदम वडील दिसले. स्टुलावर उभे, दातात फ्यूजची तार, खाली आई मेणबत्ती धरून. "एकेरी सारखी उडतीया, दोन पदरी बांधतो." बांधली. त्यानंतर फ्यूज कधीच उडला नाही, फक्त सोप्यातला बोर्ड संध्याकाळी हाताला गरम लागायचा. आम्हाला वाटायचं बोर्ड असाच असतो.
आता नवीन वायरिंग काढलंय. वायरमन म्हणतोय लाइटला एकची (एक चौरस मिलिमीटर जाडीची) पुरते, भाचा म्हणतोय दीडची घाल. तुमच्याकडं काय काय झालंय, लिहा.

उद्यमनगरी
दीडची. विषय संपला.

बोर्ड_टेस्टर
२२ वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो. एका लाइटच्या सर्किटवर १० पॉइंट नाहीतर ८०० वॅट, असा नियम. २३० नं भागा, साडेतीन अँपिअर येतात. एकची तांब्याची वायर पाइपात कोंबली तरी ह्याच्या दुप्पट सोसते. म्हणजे तुमचा वायरमन खोटं बोलत नाही. आता तर सगळे ९ वॅटचे एलईडी, दहा लावले तरी अर्धा अँपिअर होत नाही.
पण त्याच बोर्डावर प्लग असतो न्हवं? तिथं वैनी इस्त्री लावतात, पाहुणे आले की कुणी पाण्याची कॉइल लावतं. म्हणून मी दीड ओढतो आणि वर ६ अँपिअरचीच एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, फ्यूजच्या जागी. एमसीबी वायर वाचवायला असते. पडते म्हणून १६ ची बसवली की झालीच दोन पदरी तार. वडिलांनी तेच केलं, फक्त स्टुलावर चढून.

कसबा_बावडा_कर
वैनीच इस्त्री लावतात होय? आमच्यात हे लावतात. तेही टीव्हीच्या बोर्डात, मॅच चालू असताना.

बोर्ड_टेस्टर
चुकलं वैनी 🙏

गल्लीतला_दादा
आमच्या तालमीचा गणपती, मी नववीत असेन. मंडपाला लाइन काकूंच्या पोर्चमधल्या होल्डरातनं. बल्ब काढायचा, पिन खोचायची, पुढं चार हॅलोजन, पाचशेचे. जवळजवळ नऊ अँपिअर, आणि काकूंच्या घरात तीच तुमची काडी. आरतीच्या वेळी पोर्चच्या पट्टीतनं धूर. आम्हाला वाटलं धूप जास्त झाला. काकू तांब्याभर पाणी घेऊन धावल्या, सगळी पोरं एका सुरात, "काकू पाणी न्हाई!" कुणीतरी मेन पाडला. अंधारातच आरती पुरी केली. आता मंडळ तात्पुरतं मीटर घेतं.

उद्यमनगरी
कुठलं मंडळ रे?

गल्लीतला_दादा
नाव नको भावा, काकू पट्टीचे पैसे मागतील.

रानातला
आमचं उलटं झालं. खोलीपासून गोठा ४० मीटर. दीडची नेली, एक बल्ब, झकास. मग आबांनी त्याच तारेवर कडबाकुट्टी जोडली. मोटर नुसती हूं हूं करायची, उठायचीच नाही. आधीच आमच्याकडं व्होल्टेज कमी. जाऊन-येऊन ८० मीटर, दीडच्या तारेत साधारण एक ओहम. उठताना ४० अँपिअर ओढले तर ४० व्होल्ट वाटेतच गेले. आबा मोटरवाल्याशी भांडून आले. चारची ओढली, पहिल्या झटक्यात उठली. भांडण मात्र अजून आहे. म्हशीला दोन दिवस अख्खा कडबा घातला, तिनं तोंड फिरवलं.

पंचगंगेकाठची
२०१९ च्या महापुरात पाणी आमच्या स्विचच्या वर होतं. ओसरल्यावर वायर ओढली तर पाइपातनं चहासारखं पाणी, बादलीभर. सगळी टाकून दिली. आता खालचे बोर्ड डोक्याच्या वर आणि खालच्या मजल्याची एमसीबी वेगळी, वर लाइट चालू ठेवून खालचं पाडता येतं. सासूबाईंना बटण पोचत नाही, त्या काठीनं दाबतात 😄

कसबा_बावडा_कर
काठी लाकडाचीच आहे ना बाई?

नवा_मालक
बंडल ९० मीटरचं असतं हे कुणी सांगतच नाही. मी १०० धरून चार आणली. ४० मीटर कमी. उरलेलं जुन्या तुकड्यांनी जोडलं, जॉइंट भिंतीत. ती खोली मिक्सर लावला की लुकलुकते. बाकीचं नंतर लिहितो, दूध उतू चाललंय.

पेठेतला_जुना
दीडची ठरली, ६ ची एमसीबी, इस्त्रीला अडीचची वेगळी लाइन. जुना किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, तार बांधायचा) काढून ठेवलाय. उघडून बघितला, दोन पदरीच आहे अजून. पीळही वडिलांचाच, उलटा.

रानातला
जुन्या वायरीचं तांबं काढायला गच्चीत जाळू नका. शेजारी भांडतात. अनुभव आहे.