आईवडील हयात असताना त्यांचं म्हातारपण एकपात्रीत दाखवावं का?

विंगेतला:
परवा एक एकपात्री पाहिलं. सव्वा तास, एक खुर्ची, तिच्या पाठीला अडकवलेला शर्ट. नट तो शर्ट घालून स्वतःच्या विसरभोळ्या वडिलांची भूमिका करतो. बटणं लावत खाली येतो, शेवटी एक काज उरतं, की सगळी काढून पुन्हा वरून सुरुवात. तिसऱ्या खेपेला प्रेक्षागृह हसून लोटपोट. मीही. खेळ संपल्यावर म्हणाला, "बाबा घरी आहेत." माझ्याच हसण्याची लाज वाटली. त्यांना कुणी विचारलं होतं का?

प्रॉम्प्टर:
असहमत. घरातलं झाकूनच ठेवायचं तर असल्या एकपात्रीत उरतं काय? अमेरिकन विनोदी नट बिली क्रिस्टलचा 'सेव्हन हंड्रेड संडेज' २००४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला, पुढच्या वर्षी टोनी हा नाट्यपुरस्कारही मिळाला. विषय सगळा घरचाच. तो १५ वर्षांचा असताना वडील गेले. त्यांच्यासोबत मिळालेले रविवार अंदाजे सातशे, म्हणून ते नाव.

विंगेतला:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत! वडील १९६३ मध्ये गेले, आई २००१ मध्ये. खेळ त्यानंतरचा.

तिसरी घंटा:
आईचं सगळं मीच करते, म्हणून बोलते. विचारायचं म्हणता, पण कधी? अल्झायमरमध्ये बहुधा ताज्या आठवणी आधी जातात. आई सकाळी "कर की" म्हणेल, संध्याकाळी "मला कुठे विचारलंस?" म्हणेल. यातलं कुठलं उत्तर धरायचं?

विंगेतला:
उत्तर टिकत नाही म्हणून होकार गृहीत धरायचा?

प्रॉम्प्टर:
अहो, गोष्ट एकट्या बापाची नसते, मुलाचीही असते. स्वतःच्या गोष्टीला परवानगी कसली?

तिसरी घंटा:
हे पटतं. पण मग त्या खेळात मुलगा कधी चिडतो का?

विंगेतला:
छे. सदा हसतमुख. मायेनं पाहत असतो.

तिसरी घंटा:
मग लबाडी तिथे आहे, नकलेत नाही. काल आईचं असंच बटणांचं चाललं होतं. मला उशीर होत होता. तिचे हात बाजूला सारून मीच भराभर लावली. तिनं हात खाली सोडले आणि लहान मुलासारखी उभी राहिली. हे करून दाखव म्हणावं त्याला. बघू कोण हसतंय.

प्रॉम्प्टर:
ते करायला जिगर लागते. परवानगीचं मात्र मला अजून पटलेलं नाही, विंगेतले.

विंगेतला:
नका पटवून घेऊ. त्या बाबांना पहिल्या रांगेत बसवून एक प्रयोग करू दे, मग बोलू.