फ्लूच्या गोळ्यांचा कोर्स संपला म्हणून पेशंट आयसोलेशनमधून जनरल वॉर्डात आणायचा का? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तिसरं गेट
पावसाळ्यात खानापूर, निपाणी, चंदगडकडचे फ्लूचे पेशंट एकदम बेळगावात येतात. मग ठरलेली पळवाट: टॅमीफ्लू या फ्लूवरच्या गोळीचे पाच दिवस झाले, ताप उतरला, की आयसोलेशनची खाट मोकळी. पाच दिवस ही गोळीची मुदत आहे, विषाणूची नव्हे. धडधाकट माणूससुद्धा लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस विषाणू सोडतो. दाखल करावा लागलेला, त्यात स्टेरॉईड चालू असलेला, त्याहून जास्त. लक्षणं सुरू झाल्यापासून ७ दिवस, किंवा ताप आणि श्वसनाची लक्षणं जाऊन २४ तास, यातलं जे उशिरा येईल ते धरा.

घटप्रभाकाठ
नियम बरोबर, खरं खोल्या कुठं आहेत? आणि निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेल्याचा खोकला वर्षभर असतो, त्याला कधी सोडणार? पीसीआर म्हणजे स्वॅबची टेस्ट, तिचंही कौतुक नको, तीत मेलेल्या विषाणूचे आरएनएचे (जनुकीय द्रव्याचे) तुकडेही दिसतात. मे २०२० मध्ये केंद्राने कोविडच्या सौम्य रुग्णांना सोडताना टेस्टची अट काढलीच होती की.

तिसरं गेट
सौम्य रुग्णांसाठी! त्याच धोरणात गंभीर रुग्णाला बरं झाल्यावर एक निगेटिव्ह आरटी-पीसीआर लागत होती, ते का गाळता? जुना खोकला मोजायचा नसतोच. आजाराआधी किती खोकत होते, बेडका कसा पडायचा, हे घरच्यांना विचारा. तिथवर उतरला की झालं. आणि मोजणी लक्षणांपासून आहे, दाखल केल्यापासून नव्हे. चौथ्या दिवशी आलेल्याला बहुतेक वेळा तीन-चार दिवसच खोली लागते.

व्हीटीएमवाला
पीसीआरचा रिपोर्ट नुसता हो-नाही असा वाचू नका. त्यातला सीटी, म्हणजे किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला तो आकडा, ३.३ ने वाढला तर आरएनए साधारण दहापट कमी. मात्र ३४ आला म्हणून लगेच खूशही होऊ नका; स्वॅबची काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवली तरी सीटी वाढतो. काडी नायलॉनची किंवा डेक्रॉनची हवी. लाकडी काडीचा कापूस चालत नाही, पीसीआरलाच अडवतो. नमुना २ ते ८ अंशांत ठेवून ७२ तासांच्या आत लॅबला पोचवा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा घशाचा स्वॅब निगेटिव्ह आणि श्वासनलिकेतल्या नळीतला स्राव पॉझिटिव्ह, असंही होतं. तिथे नळीतलाच पाठवा.

रात्रपाळी
केमो चालू असलेले, किडनी बदललेले पेशंट या हिशेबात घालूच नका. ते कित्येक आठवडे विषाणू सोडतात. औषध चालू असून एच१एन१ निघतच राहिला तर एच२७५वाय हा विषाणूतला, टॅमीफ्लूला दाद न देणारा बदल तपासायला सांगा. डोस दुप्पट करून त्याला फरक पडत नाही.
खोल्या नसतील तर एकाच प्रकारच्या फ्लूचे पेशंट एका हॉलमध्ये ठेवा, खाटांत किमान एक मीटर. जमेल तिथे नेब्युलायझरऐवजी (औषधाची वाफ देणारं यंत्र) स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, लावून इनहेलर. खाटेपाशी नातेवाईक एकच. इथेच सगळं फसतं, संध्याकाळी डबा घेऊन चौघं येतात!

घटप्रभाकाठ
हॉलचं पटलं. मग एक तुम्हीही माना: ऑक्सिजन लागत नाही, जेवतोय, त्याला निव्वळ सात दिवस भरायला अडकवू नका. सहाव्या दिवशी घरी जाऊ दे.

तिसरं गेट
घरी हरकत नाही, जनरल वॉर्डात आहे. शेजारच्या खाटेवर डायलिसिसचा माणूस असतो. फक्त डिस्चार्ज कार्डावर ‘अमुक तारखेपर्यंत वेगळं झोपवा, मास्क लावा’ हे मराठीत लिहा. कन्नड-इंग्रजी कागद घरच्या म्हातारीला वाचता येत नाही. आणि वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) कोंबून नको, खिडकी उघडी ठेवून वेगळ्या गाडीने.

घटप्रभाकाठ
गाडीचं भाडं कोण देणार, तेही लिहा की कार्डावर.